निसानबायचं नाव

तोलेउच्या घरी पत्र येऊन चार दिवस झाले होते.

शहरातल्या एका संस्थेने लिहिलं होतं : तुमचे वडील, कवी निसानबाय, निर्दोष ठरले आहेत. त्यांच्या कविता आणि त्यांनी स्तेपच्या गवताळ माळरानांवर घोड्यावर फिरून जमवलेली गाणी आम्हाला छापायची आहेत. अकरा वह्या न्यायला आमचा माणूस गुरुवारी येईल.

आणि आज बुधवार!

वीस वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी वडिलांना धरून नेलं, त्याच आठवड्यात तोलेउने त्या वह्या चुलीत घातल्या होत्या. सरकारने बंदी घातलेल्या जुन्या लिपीतला एक कागद घरात सापडला तरी माणूस गायब होई. वडील परत आलेच नाहीत. तेव्हापासून गावात कुणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. पोटच्या मुलानेही नाही.

चार दिवस तो जुन्या गायकांना शोधत हिंडला. कुणी दुष्काळात गेले होते, कुणी युद्धात. उरलेल्या एका म्हाताऱ्याला कशाबशा दोन ओळी आठवल्या, त्याही उलटसुलट.

"संपलं सगळं, आत्या," तो म्हणाला. "बाबांना त्यांनी एकदा मारलं. मी दुसऱ्यांदा मारलं."

बितेन आत्या, निसानबायची ऐंशी वर्षांची बहीण, चहात तळलेला बाउरसाक बुडवत होती. "रडून झालं असेल तर जरा गप्प बस. मला ऐकू दे."

"काय?"

"तुझी बायको काय गुणगुणतेय ते."

चहाच्या समोवारापाशी बसलेली शारिपा एकदम गप्प झाली.

"थांबलीस का? वीस वर्षं ऐकतेय मी. दर गाण्याच्या शेवटी अडखळतेस. पुढचं येत नाही?"

शारिपाने मान खाली घातली. "येतं, आत्या. पण शेवटच्या ओळीत त्यांचं... लिहिणाऱ्या बाबांचं नाव आहे. सुनेने ते कसं घ्यायचं?"

तोलेउ ताडकन उठला. "तुला बाबांच्या कविता पाठ आहेत?"

"लिहून झालं की ते मोठ्याने वाचत. मी चहा ओतत असे. लोकांकडून आणलेली गाणीही ऐकली. सगळी नाहीत, पण बरीच आठवतात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कधी? सरपण आहे का विचारलंत, गाईचं दूध काढलं का विचारलंत." तिने समोवाराची तोटी बंद केली. "वह्या जळत होत्या तेव्हा राख मीच ओढत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

तोलेउला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याने डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला आणि शारिपाच्या खांद्यावर घातला. "मोठ्यांचं नाव न घेणं हा आदर आहे, पोरी. पण गावाने भीतीने ते पुरलं आणि तू आदराने पुरलंस, तर माझ्या भावाला दोन्ही सारखंच. त्याची बहीण म्हणून मी तुला मोकळं करते. घे नाव. मोठ्याने!"

तोलेउने एक कोरी वही पुढे ओढली.

शारिपा गाऊ लागली. मधली कडवी हरवली होती, ती हरवलेलीच राहिली. कित्येकदा ती थांबे, डोळे मिटी, आणि नकारार्थी मान हलवी. दुपार कलली तेव्हा एकच वही भरली होती. दहा वह्या राखेतच गेल्या. कायमच्या!

पण शेवटचं गाणं आलं, आणि शेवटची ओळही आली. शारिपाने रुमाल घट्ट धरला.

"निसानबाय," ती गायली.

विहिरीवरून येणारा शेजारी खिडकीपाशी थबकला. त्याने घाबरून मागेपुढे पाहिलं. मग बादली खाली ठेवली आणि तिथेच उभा राहिला.

वाचकहो, तोलेउला दोष देणं सोपं आहे. त्याच्या जागी आपण काय केलं असतं, कुणी सांगावं? पण भीतीचे दिवस सरल्यावरही तोंड मिटून बसणं, आणि आपल्याच घरात चहा ओतणारीला काय ठाऊक आहे हे एकदाही न विचारणं, या दोन चुका तरी आपल्याला टाळता येतील. माणसं आहेत तोवर विचारून घ्यावं.

तोलेउने वहीच्या पहिल्या पानावर वडिलांचं नाव लिहिलं. मग त्याखाली त्याने शारिपाचं नाव लिहिलं.