राडोयकोच्या बगलेतली मी

मी राडोयकोची कुबडी. माझा स्वभाव मत्सरी आहे, आधीच सांगून टाकते.

लढाईत सुरुंगाने त्याचा उजवा पाय नेला. तो मोराव्हा नदीकाठच्या गावी परतला, तेव्हा सासऱ्याने अक्रोडाची फांदी तासून मला घडवलं, वर मेंढीचं कातडं गुंडाळलं. मग आम्ही दोघं कौलांच्या भट्टीवर. तो बसून बोटाच्या पेराने एकेक कौल ठोकायचा, बद्द वाजलं की बाजूला. मी खांद्याला टेकलेली.

संध्याकाळी मात्र बायको, स्तामेना, मला दाराआड उभी करायची आणि त्याचं थोटूक मांडीवर घेऊन आलुबुखाऱ्याच्या दारूने चोळायची. माझा नुसता जळफळाट.

एक सुख होतं. कोलो, म्हणजे गावचा साखळी धरून फिरायचा नाच, नाचायचा तर दोन्ही हात शेजाऱ्यांना द्यावे लागतात. त्याचा एक हात माझ्यात अडकलेला. एकोणीस वर्षं तो कडेला उभा राहून माझ्याच टोकाने ठेका धरायचा. मनातून मला गोड वाटायचं.

मग लेकीचं, विदोसावाचं, लग्न ठरलं आणि सरकारी कचेरीतून नवा पाय आला. गुलाबी, बूट घातलेला.

"बाबा, कुबडी घेऊनच या ना."

"तुझ्या लग्नात दोन्ही हातांनी नाचणार मी. गप बस."

हा मेला त्याला चावू दे, असं मी रोज म्हटलं. लग्नाच्या दिवशी तो चावलाच. बाजा सुरू झाला, साखळीत राडोयको तीन फेरे फिरला आणि बाकावर बसला. थोटकावरच्या मोज्यावर रक्त. खाली घातलेली मान वर होईना. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

स्तामेनाने मला गुपचूप आणून बाकामागे टेकवलं होतं. आता तिने मला उचललं. "ऊठ. पोरीचा बाप साखळीत मधे कशाला शिरतो? तो सगळ्यांच्या पुढे असतो. पुढच्याचा एक हात मोकळाच असतो, गाढवा."

"एकोणीस वर्षं बोलली नाहीस ते?"

"एकोणीस वर्षं पुढे व्हायला तुझी कुठली पोर लग्नाची होती?"

तिने माझ्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला. राडोयको पुढे झाला. एका बगलेत मी, दुसऱ्या हातात विदोसावा. सगळं गाव आमच्यामागे फिरलं. पण तो बघत होता लेकीकडे, माझ्याकडे एकदाही नाही.

आता थोटकाची जखम भरली. तो नव्या पायावर रोज थोडं जास्त चालतो. भट्टीपर्यंत जाईल, जाऊ दे. मी दाराआड राहीन. एवढंच करा, रात्री तो पाय काढला की माझ्याशेजारी उभा करू नका.