शेणखताच्या खड्ड्यातला गुंड

धानोऱ्याच्या पुढं, जंगलात, वीस घरांचा एक टोला. एक दिवस सकाळीच जवान आले. कोणीतरी इथं हत्यारं लपवली म्हणे. त्यांनी धानाच्या ढोल्या उपसल्या, तणसाचे ढीग भोसकले. तणसात सापडली ती कोंबडीची अकरा अंडी. कोंबडीच्या मालकिणीनं खूश होऊन साहेबाला चहा पाजला.

डोमा मात्र ओट्यावर घामाघूम. बंदूक त्याच्याकडं नव्हती. गुंड होता, पाणी भरायचा, बायकोच्या, रंभाच्या माहेरचा, पितळेचा. तो दिवाळीत चोरीला गेला असं त्यानंच तिला सांगितलेलं, अन् तेव्हापासून ती रोज चोराच्या सात पिढ्या उद्धरत होती. गुंड होता शेणखताच्या खड्ड्यात, पोटात दारूसाठी मोहफुलं सडत. मातीचं मडकं पुरलं की रानडुकरं वासावर येऊन फोडायची. पितळ कसं फोडतील? एवढी अक्कल त्यानं चालवली होती. जवानांकडं धातू हुंगणारं यंत्र असतं, हे त्या अकलेत बसलं नव्हतं.

यंत्र खड्ड्यावर येताच कोकलायला लागलं. जवानानं वरचं शेण सारलं. झाकणाला चिखलाचा लेप, वरून तार आवळलेली, अन् आतून सुंऽ सुंऽ आवाज. जवान चार पावलं मागं उडाला. घटकाभरात सगळा टोला लांब आंब्याखाली नेऊन बसवला. बॉम्ब जागीच उडवायचा, असं साहेबानं ठरवलं.

आपल्या खड्ड्यात कोण्या मेल्यानं बॉम्ब ठेवला, म्हणून रंभा विचारत होती. डोमाची पंचाईत. बोललं तर रंभा, नाही बोललं तर गुंडाचे तुकडे. बारूदवाला निघाला तसा तो हात वर करून उठला.

"साहेब, नका उडवू. तो फुगते, फुटत नाई. आत मोहाचा सडवा हाय."

झाकण निघालं. वास आला, मग साहेबाला समजलं. गुंड हिरवागार पडला होता. कोणाचा, म्हणून त्यानं विचारलं.

"गुंड माहा हाय," रंभा म्हणाली. "आतला माल चोराचा. चोर हा बसला."

डोमानं साहेबापुढं हात जोडले. मले ठाण्यात न्या, म्हणाला. साहेबानं रंभाकडं एकदा पाहिलं अन् गाडीत जागा नाही, असं सांगून टाकलं. सडवा मातीत ओतला.

दुपारभर डोमा बोअरिंगवर चिंच अन् राखेनं गुंड घासत बसला. टोल्यातल्या बाया सल्ले द्यायला हजर होत्याच. जवान निघताना रंभानं त्याच गुंडातलं पाणी सगळ्यांना पाजलं. साहेबानं एक लोटा रिकामा केला, मिशी पुसली, लोटा हुंगला, अन् अजून एक मागितला.