लेसरला अत्तर सोसत नाही

मित्रांनो, मी डोळ्यांच्या दवाखान्यातला एक जुना लेसर आहे. लेसर म्हटलं की भिंती फोडणारी लाल रेघ तुमच्या मनात येत असेल. तसा मी नाही. माझा किरण दिसतसुद्धा नाही. डोळ्याच्या अगदी पुढे काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. जखम भरून त्यावर व्रण राहिला की पडदा गढूळ होतो आणि माणसाला सगळं धुक्यातून दिसतं. तो गढूळ थर अगदी पातळ पातळ काढायचा, हे माझं काम. व्रण वरवरचा असेल तरच मला बोलावतात. खोल असेल तर मी हात टेकतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथली माणसं डोक्याला टोप्या आणि पायांना पिशव्या बांधून मला जोडत होती. लाडावलो तो तिथेच. मला खोली गार लागते, हवा कोरडी लागते, आणि कुणी अत्तर लावून आलेलं मुळीच खपत नाही. त्याची वाफ किरणाच्या वाटेत आली की माझा जोर कमी-जास्त होतो. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणायच्या, "घरी सासूबाईंचंसुद्धा एवढं करावं लागत नाही."

सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. पण मला सर्वांत जास्त आठवतात ते सलूनवाले काका.

झालं असं, की एके दिवशी डॉक्टरबाईंनी आपल्या नवऱ्याकडे नीट पाहिलं. संसारात असे प्रसंग क्वचितच येतात. त्यांचा एक कल्ला कानाच्या वरच संपला होता आणि दुसरा हनुवटीकडे निघाला होता. बाईंनी विचारलं, तर साहेब म्हणाले की हल्ली अशीच फॅशन आहे. बाईंचा काही विश्वास बसला नाही. त्या थेट सलूनमध्ये गेल्या, तेव्हा काका गिऱ्हाइकाचा कान बोटांनी चाचपत कात्री चालवत होते. बाईंनी त्यांना तिथूनच दवाखान्यात आणलं.

काकांचा एक डोळा लहानपणापासून अधू होता. सगळी भिस्त दुसऱ्यावर. त्यात केसाचा बारीक तुकडा उडाला, काकांनी तो खसाखसा चोळला, आणि शेजाऱ्याकडे उरलेले कसलेसे थेंब घातले. जखम चिघळली. पुढे ती भरली, पण व्रण ठेवून गेली. काकांनी हे घरीही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. काकू म्हणाल्या, "हल्ली हे माझ्याशी बोलताना खुंटीवरच्या कोटाकडे बघतात. मी म्हटलं, राग आला असेल."

ठरलेल्या दिवशी काका आले ते दाढी गुळगुळीत करून आणि दुकानातली सर्वांत भारी अत्तराची बाटली अंगावर रिकामी करून. दार उघडलं आणि मला घेरीच आली. सिस्टरनी माझी रोजची चाचणी घेतली, तर मी साफ नापास. काकांना साध्या साबणाने अंघोळ करून दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. ते फार दुखावले. एवढ्या मोठ्या यंत्रापुढे माणसाने तसंच यायचं का, असं विचारू लागले. काकू मात्र माझ्याकडे प्रेमाने बघत म्हणाल्या, "लग्नापासून सांगतेय, वास उग्र आहे. आज कुणीतरी दुजोरा दिला."

दुसऱ्या दिवशी काका माझ्याखाली झोपले. डोळा बधिर करणारे थेंब घातले. बाई म्हणाल्या, "दिव्याकडे बघत राहा. डोकं हलवू नका." काकांना हसू फुटलं. जन्मभर हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं. मग ते त्यावर एक किस्सा सांगू लागले. बोलताना त्यांची हनुवटी हलत होती, आणि हनुवटीबरोबर डोळा. बाईंनी बोलायलाही बंदी केली. खुर्चीत गप्प बसलेलं गिऱ्हाईक त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, आता स्वतःलाच तसं व्हायचं होतं.

मित्रांनो, खरं सांगतो, मला त्या दिवशी भीती वाटली. त्या माणसाकडे चालणारा डोळा एकच होता. बाईंच्याही कपाळावर घाम होता, तोही माझ्या गार खोलीत. त्यांनी पायाने कळ दाबली आणि मी टकटक करत कामाला लागलो. तोच काकांनी नाक फेंदारलं.

"बाई, कुणाचे तरी केस जळतायत."

बाईंनी झटकन पाय काढला. मी थांबलो. माझं काम चालू असताना तसाच वास येतो, हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. "केस नाहीत हो. तुमच्या डोळ्यावरचा व्रण निघतोय," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "मग जळू द्या." आणि दगडासारखे पडून राहिले. चहाला उकळी यायच्या आत माझं काम संपलं.

पुढचे काही दिवस वाईट गेले. डोळ्यावर पट्टीसारखी एक मऊ काच बसवली होती, तरी आत वाळू गेल्यासारखं टोचायचं. काकांचा हात सारखा डोळ्याकडे जायचा, म्हणून काकू तो धरून बसायच्या. दोघांनी इतका वेळ हात धरल्याला बरीच वर्षं झाली होती, असं त्यांनीच सिस्टरना सांगितलं.

पुढे हळूहळू धुकं विरलं. एकदा तपासणीला डॉक्टरबाईंचे साहेबच दोघांना गाडीतून घेऊन आले. काकांनी नवा चष्मा लावून माझ्या खोलीतल्या तक्त्यावरची बारीक अक्षरं धडाधड वाचली. मग वळून साहेबांच्या अजूनही वर-खाली असलेल्या कल्ल्यांकडे पाहिलं आणि काकांचा चेहरा उतरला.

"हे मी केलं?"

साहेबांनी मान खाली घातली.

"मग बोलला का नाहीत? मला वाटायचं, लोकांची डोकीच वाकडी होत चाललीत."

"केस काय, पुन्हा येतात," साहेब म्हणाले. "आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांनी ठरवलं होतं. बोललो असतो, तर तुम्ही कात्री ठेवून दिली असती."

"ठेवली असती आणि वेळेवर इथे आलो असतो," काका म्हणाले. रागावूनच म्हणाले, पण चष्मा काढून डोळे पुसायला लागले. बाईंनी घाईने स्वच्छ कापूस पुढे केला.

आता माझे सुटे भाग मिळत नाहीत. शेजारच्या खोलीत नवा लेसर आला आहे. मी आच्छादनाखाली असतो. कुणी माझ्यावर पिशवी ठेवतं, कुणी स्वेटर. परवा एकाने अत्तर मारलेला रुमाल वाळत घातला. आता मी नापास झालो, तरी कुणाचं अडत नाही.

मित्रांनो, डोळ्यात काही गेलं तर चोळू नका. दुसऱ्याच्या बाटलीतले थेंब घालू नका. कुणाला दिसेनासं झालेलं ध्यानात आलं, तर त्याचं मन राखत बसू नका, त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. मला इथे एकट्याला फार कंटाळा येतो, कुणीतरी यावं असं रोज वाटतं. पण तुम्ही येऊ नका.