सात नंबरचं रक्त

पहिल्या कुत्र्याच्या जबड्यावर फावडं बसलं तेव्हा धोंडुबाईच्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. ते केकाटत दाराबाहेर पळालं. दुसरं मात्र हटेना. त्याच्या तोंडात पांढरा ससा लोंबत होता. तिनं त्याच्या बरगडीत लाथ घातली, तर ससा टाकून त्यानं तिचीच पोटरी धरली.

"सोड, मुडद्या!"

तिनं फावड्याची धार मानेवर घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला ते सुटून पडलं.

शहात्तर सालच्या मे महिन्यातला रविवार, टळटळीत दुपार. सांगलीतल्या एका मेडिकल कॉलेजातली ही सशांची खोली. वारं यावं म्हणून दार सताड उघडं टाकून धोंडुबाई सशांचा लसूणघास आणायला गेली होती. चूक तिचीच, आणि ती कुणावर ढकलणाऱ्यांतली नव्हती.

बाई मूळची कुंडलची. हात उगारायला तिला मुहूर्त लागत नसे. पिंजऱ्याला लाथ मारणाऱ्या एका शिकाऊ डॉक्टराच्या तिनं मुस्काटात भडकावली होती. नवऱ्यानं एकदा काठी उगारली, तर ती त्याच्याच पाठीवर मोडली. तो पाटणला बहिणीकडं गेला तो गेलाच. बारा वर्षं ती इथं कामाला होती, टोचताना ससे धरायची. सुई मात्र डॉक्टर मारायचे.

पिंजरे उलथलेले, आठांतले सात ससे संपले होते. जिवंत होती ती सात नंबरची मादी. एक कान मुळापासून तुटलेला, मांडी उसवलेली, पोट लपलपत होतं.

इथं प्रयोग करणाऱ्या डॉक्टर जालिंदरांची दोन वर्षं त्या एका जिवात होती. रक्तातल्या एका द्रव्यामुळं कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकाशी असणाऱ्या मऊ हाडाच्या पेशी वाढतात, असा त्यांचा कयास. ते द्रव्य सशाला टोचलं की सशाच्या रक्तात त्याला धरून ठेवणारी प्रतिपिंडं तयार होतात. ते रक्त काचेच्या बशीतल्या बोकडाच्या कूर्चेवर घालायचं. वाढ थांबली, तर वाढवणारं ते द्रव्यच, हे सिद्ध झालं. "म्हंजी वाढीला खोडा घालायचा," असा धोंडुबाईनं एका वाक्यात निकाल लावला होता. तसा खोडा घातला तो फक्त सात नंबरच्या रक्तानं, तोही एकदाच. पुन्हा करून दाखवल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार? टोचायचं द्रव्य तर संपून गेलेलं. आणि डॉक्टर उंब्रजला, सोमवारी येणार.

जनावरांच्या दवाखान्यात न्यावं, तर वाटेत जीव गेला की रक्तही गेलं. कानातून काढावं, तर कानाची शीर आटलेली. राहिलं काळीज. तिथं सुई घातली की ससा उरत नाही.

"बाई, मला दुसरं सुचंना," धोंडुबाई सात नंबरला म्हणाली.

सुई उकळायला वेळ नव्हता. कालच्या उकळलेल्या काचेच्या सिरिंजा ट्रेमध्ये होत्या, त्याच घेतल्या. धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिला गुडघ्याखाली दाबलं. बरगड्यांत दोन बोटं घालून धडधड चाचपली आणि सुई खुपसली. रक्त आलं नाही. ससा मुका असतो म्हणतात. सात नंबरची तान्ह्या पोरासारखी किंचाळली. धोंडुबाईनं दात आवळून सुई पुन्हा घातली. या वेळी सिरिंज भरली. मग दुसरी, मग तिसरी. तिसरी भरता भरता गुडघ्याखालची धडपड थांबली.

रक्त गोठून वरचं पिवळं पाणी सुटावं, तेच प्रयोगाला लागायचं, म्हणून ते नळ्यांत ओतून, नळ्या तिरप्या ठेवून ती जवळ बसून राहिली. कुणाचा धक्का लागायला नको. पोटरीला चिंधी बांधली होती, ती भिजून गळत होती. रक्त नीट गोठल्यावरच ती लंगडत दवाखान्यात गेली.

कुत्रं पिसाळलेलं होतं की नाही, कुणाला माहीत? पोटात चौदा इंजेक्शनं ठरली, रोज एक. दहाव्या दिवशी डॉक्टर जालिंदर धावतच दवाखान्यात आले.

"मावशी, थांबली! वाढ थांबली. तीनदा करून बघितलं. तुम्ही नसता तर दोन वर्षं मातीत गेली असती."

धोंडुबाईचा चेहरा हलला नाही.

"एक इचारू? खरं सांगा. टाकं घातलं असतं तर जगली असती का वं ती?"

डॉक्टरांना खोटं बोलणं सोपं होतं.

"जगली असती. कदाचित."

"मला तवाच वाटलं हुतं." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "प्रयोगाच्या वहीत काय लिवलंय तुमी?"

"कुत्र्यांच्या हल्ल्यात मेली, असं."

"ते खोडा. धोंडुबाईनं मारली म्हून लिवा. लय धडपडली, त्येबी लिवा."

सिस्टर सुई भरून आली. धोंडुबाईनं डोळे पुसले, पोटावरचं लुगडं सारलं आणि उताणी झाली.