चार विटांची जागा

धुरपताचं घर विकायला निघालं आणि ते सजवायला पुढे कोण, तर शेजारची इंदिरा. हे घर विकलं जाऊ नये असं पिपरी मेघेतल्या त्या गल्लीत सगळ्यात जास्त जिला वाटत होतं, तिनेच पदर खोचला. धुरपताच्या नवऱ्याचं, हरिदासचं, छातीचं दुखणं वाढलं होतं. मुलगी जागृती दोघांना नागपूरला, डॉक्टरांच्या जवळ नेणार होती, आणि हे घर गेल्याशिवाय तिकडचं घर होत नव्हतं. मग रडून काय होणार? इंदिरा निवृत्त मास्तरीण. तिला रडण्यापेक्षा लोकांना कामाला लावणं सोपं जायचं.

तिने स्वतःचे ठेवणीतले पडदे धुरपताच्या बैठकीत लावले, मोगऱ्याच्या कुंड्या आणून अंगणात मांडल्या आणि हरिदासची विटकी लुंगी दोरीवरून काढून कपाटात कोंबली.

"माह्या लुंगीनं काय बिघडवलं, वहिनी?" हरिदास कुरकुरला.

"ती पाहून आलेलं गिऱ्हाईक स्टेशनापर्यंत पळत जाईन, भाऊजी."

दलाल कैलास सगळं पाहून खूश झाला, पण मागच्या अंगणात येऊन थबकला. दोन घरांमधल्या भिंतीत चार विटांएवढं भोक होतं.

"हे बुजवा. पाहणाऱ्याले वाटन, शेजाऱ्याशी भांडण हाय."

भांडण म्हणे! हरिदासने इथे घर बांधून दारावर निळा झेंडा लावला, तेव्हा इंदिराच्या सासूने ही भिंत दोन हात उंच करून घेतली होती. सासू गेली. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी इंदिराने पहार घेतली, चार विटा काढल्या आणि पातोडीच्या भाजीची वाटी पलीकडे धरली. धुरपता धुणं धूत होती. तिने ओल्या हातांनी वाटी घेतली आणि संध्याकाळी तीच वाटी कढीने भरून परत दिली, कारण वाटी रिकामी परत करत नाहीत. सव्वीस वर्षं त्या वाटीला स्वस्थता नव्हती. शिवाय रोज चार वाजता धुरपता तिथे टकटक करायची आणि इंदिरा चहा पुढे करायची.

कैलासने भोकात विटा रचून वरून चुना मारला आणि इंदिराला बजावलं, "मावशी, उद्या इकडं येऊ नका. तुमी लय बोलता."

दुसऱ्या दिवशी ती आपल्याच अंगणात भिंतीला कान लावून बसली. हे वय त्याचं नव्हे, हे तिला कळत होतं. पलीकडे मयुरी नावाची तरुण शिक्षिका आपल्या सासूला घेऊन घर पाहत होती. पडद्यांचं कौतुक झालं, मोगऱ्याचं झालं. इंदिरा प्रत्येक वेळी सुखावायची आणि लगेच स्वतःवरच चिडायची.

"घर छान आहे," मयुरी म्हणाली, "पण मी दिवसभर शाळेत. आई इथे एकट्या पडतील."

सौदा मोडत होता. इंदिराला आनंद झाला, अगदी निर्लज्ज आनंद झाला.

तेवढ्यात विटांवर टकटक झाली. चार वाजले होते.

"इंदिरे, तीन कप जास्त टाक व, पाव्हणे आले!" धुरपता सवयीने बोलून गेली आणि पाठोपाठ म्हणाली, "अवं माय!"

आता नुसतं गप्प राहायचं होतं. भिंत भिंतच राहिली असती आणि धुरपता इथेच. पण पलीकडून हरिदासचा खोकला आणि धाप ऐकू आली. दोन पावलं चालून लागणारी ती धाप इंदिराला ओळखीची होती. तिने एकेक वीट ओढून काढली. चुन्याचा धुरळा बसला, तेव्हा समोर मयुरीच्या सासूचा चेहरा होता.

"साखर किती टाकू?" इंदिराने विचारलं.

"दोन चमचे," म्हातारी म्हणाली आणि सुनेकडे वळली. "हे भोक बुजवाचं नाई बरं."

घर विकलं गेलं.

जायच्या दिवशी धुरपता पडदे घडी करून घेऊन आली.

"राहू दे तिथंच, त्या म्हातारीले होतीन," इंदिरा म्हणाली. आठ दिवस खपून तिनेच हिला घालवलं होतं. "माही वाटी तेवढी दे."

धुरपताने वाटी पिशवीतून काढली, पदराने पुसली आणि परत पिशवीत टाकली.

"रिकामी हाय व," ती म्हणाली. "रिकामी कशी देऊ? भरून आणतो."