हरिबा आप्पांचा पहिला नको

वडगाव रासाईचे एक व्याही तेरा वेळा नको म्हणाले आणि सात पुरणपोळ्या खाऊन उठले.

दौंडच्या थेरपिस्ट मॅडमच्या दारावर पाटी आहे : चपला आत आणा, कुत्री नेतात.

राजनंदिनी, वय दहा, स्वमग्न, कुकरच्या शिट्ट्या मोजते. शेजारच्यांच्याही.

कानाला लावायचं यंत्र हरिबा आप्पा फक्त मतदानाला लावतात.

आता गोष्ट.

राजनंदिनीला गावच्या शाळेत पाचवीत बसवायचं की पुण्याच्या वसतिगृहात धाडायचं, याचं मत द्यायला शाळा समितीचे अध्यक्ष हरिबा आप्पा रविवारी घरी येणार होते. कायद्यानं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण आप्पांचं मत न बोलावता येतं आणि मुख्याध्यापक त्याच्यापुढं मान हलवतात. पोरीची आई सारिका तिला लांब धाडायला तयार नव्हती.

म्हणून तीन आठवडे पाहुण्याशी बोलायचा सराव चालला. नवरा सतीश रांजणगावला कंपनीत आहे, त्यानं बोलका डबा, म्हणजे विचारलं की उत्तर देणारा स्मार्ट स्पीकर, आणला होता. थेरपिस्ट मॅडमनी युक्ती सांगितली : डब्याला पाहुणा व्हायला सांगा. माणूस समोर आला की राजनंदिनी भिंतीकडं बघते. डब्याला तोंडच नाही, त्यामुळं कुठं बघायचं हा प्रश्न मिटला. शिवाय तेच वाक्य चाळीस वेळा म्हटलं तरी तो वैतागत नाही. सतीश चौथ्याला वैतागतो.

राजनंदिनी : बसा. पाणी आणू?
डबा : आण.
राजनंदिनी : चहा घेता?
डबा : नको.
राजनंदिनी : बरं.
डबा : छान. तू माझं ऐकलंस.

सारिका खूश. सगळा जन्म दौंड तालुक्यात जाऊनही तिच्या काही लक्षात आलं नाही.

रविवार. आप्पा आले, कानाला यंत्र लावून; मत द्यायचं होतं ना. राजनंदिनी त्यांच्या टोपीकडं बघत बसा म्हणाली. पाणी आणलं. आप्पांच्या भुवया वर गेल्या. मग वाफाळता कप घेऊन आली आणि चहा घेता का, म्हणून विचारलं.

"नगं गं बाय, आत्ताच झाला."

"बरं," ती म्हणाली आणि कप आत घेऊन गेली.

इथं पहिला नको म्हणजे नुसतं घसा साफ करणं. दुसऱ्याला हात आडवा येतो, तिसऱ्याला कप हातात. आप्पांचा हात आडवा यायला निघाला होता, तो तसाच मांडीवर उतरला.

सारिका हळूच म्हणाली, "अगं, आण की आप्पांना चहा."

"ते नको म्हणाले."

"तसं म्हणायचं असतं, बाळा."

"मग पाहिजे असला की काय म्हणतात?"

सारिकानं सतीशकडं बघितलं. सतीशनं पंख्याकडं.

"पायजे म्हंत्यात," शेवटी आप्पाच म्हणाले.

राजनंदिनी थांबून राहिली. डबा असाच थांबायचा तिच्यासाठी.

आप्पांनी टोपी सारखी केली. "पायजे."

तिनं कप आणला. साखर किती, हेही विचारलं. आप्पांनी दोन चमचे सांगितले आणि बायकोला सांगू नका म्हणाले. एक घोट घेतला, मग कपात बघत राहिले.

"सत्तर वर्सं लोकांच्या घरी च्या पितोय. नगं-घ्या होईस्तवर गारच व्हतो. आज पयल्यांदा जीभ पोळली." मग सतीशला म्हणाले, "हितंच बसू द्या हिला. मास्तरला मी सांगतो."

सारिकानं जेवायचा आग्रह केला. आप्पांचं तोंड नको म्हणायला उघडलं, त्यांनी राजनंदिनीकडं बघितलं, आणि वाढा म्हणाले.

राजनंदिनी साडेचार वर्षांची असताना पहिला शब्द बोलली. तो 'बंद' होता, आणि मिक्सरला उद्देशून होता.