पडद्यामागची राणी

१९२७ सालच्या माघ महिन्यात रत्नागिरीतल्या एका मुलींच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर वार्षिक समारंभाच्या नाटकाची तालीम चाले. पुण्याहून शिकून आलेल्या यमुनाबाईंनी नाटक स्वतःच लिहिलं होतं. सातवीच्या मुली माना खाली घालून पुटपुटत. बाई त्यांचे खांदे धरून त्यांना सरळ उभं करत.

"जमिनीला काय सांगत्येस गो? त्या फणसाखाली बहिरी म्हातारी बसल्येय असं समज नि तिला सांग."

फणसापर्यंत पोचे तो एकट्या चिमेचा आवाज. ही चौदा वर्षांची मुलगी. नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी ती विधवा झाली. नवऱ्याचा चेहराही तिला नीट आठवत नव्हता. वडील भिकाजीपंत कचेरीत कारकून. लोक टोचून बोलत, तरी त्यांनी तिचे केस राखले होते, शाळाही सोडवली नव्हती. बाईंनी राणीचं काम चिमेला दिलं, तेव्हा ती इतकी मोठ्यानं हसली की मैत्रिणी बघतच राहिल्या. तिला हसताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

चार दिवसांत बातमी शाळेचे चिटणीस नानासाहेब यांच्या कानी गेली. ते भर तालमीत येऊन उभे राहिले.

"बाई, समारंभाला गावातल्या सवाष्णी येणार. त्यांच्यापुढे ही कुंकू लावून, चुडा भरून मिरवणार?"

"नाटकातलं कुंकू आहे ते, नाना."

"कपाळ तर खरं आहे ना?"

यमुनाबाई भांडल्या. तेव्हा नाटकच बंद करण्याची धमकी आली, आणि मग नानांनीच तोड सुचवली. त्यांची नात सावित्री राणी होऊन बसेल, हातवारे करील, ओठ हलवील. चिमा चादरीच्या पडद्यामागून बोलेल. नुसत्या आवाजानं काही अपशकुन होत नाही! बाईंनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. नाटक तरी होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

चिमेनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी कुणाला दिसायचीच नाही?"

बाईंनी मान हलवली. तिच्याकडे बघण्याचं त्यांना धाडस झालं नाही.

समारंभाच्या दिवशी मांडव बायकांनी भरला. एका बाजूला पुरुष मंडळी बसली. जरीचं लुगडं नेसलेली सावित्री सिंहासनावर बसली, तिनं हात उचलला, तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं. बायका हसू लागल्या. सावित्री रडकुंडीला आली.

नाना पडद्यामागे धावले. "बोल! बोलतेस की नाही?"

आणि मग चिमेचा आवाज साऱ्या मांडवाला ऐकू आला. "नाही बोलणार! माझं तोंड दिसलं तर अपशकुन होतो ना? मग त्याच तोंडातला आवाज तुम्हाला कसा चालतो?"

मग गलका उठला.

"जीभ बघा केवढी हिची!"

"बापानं केस राखल्येत ना, म्हणून ही मिजास!"

भिकाजीपंत मान खाली घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन न्हाव्याला बोलावून आणलं.

तिसऱ्या दिवशी यमुनाबाई त्यांच्या घरी गेल्या. भिकाजीपंतांनी त्यांना पायरीवरच अडवलं.

"आता काय उरलंय? तुमच्या नाटकापायी पोरीचे केस गेले."

"न्हाव्याला मी बोलावलं नव्हतं, पंत. पण पडद्यामागे तिला मीच उभं केलं. तिची माफी मागायला आल्ये."

आतून चिमा आली. मुंडण केलेल्या डोक्यावरून विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर, हातात वह्या. डोळे सुजलेले.

"चला बाई, शाळेची वेळ झाली."

भिकाजीपंतांचा हात वर उठला. ती मागे सरली नाही, बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. हात खाली आला. ते वळले आणि घरात गेले ते बाहेर आलेच नाहीत.

रस्त्यानं जाताना दारं लागली. पाण्याला निघालेली एक बाई चिमेला बघून थुंकली आणि कळशी घेऊन माघारी फिरली. वर्गात चिमा बसली त्या बाकावरच्या मुली उठून दुसरीकडे गेल्या. तासाभरात नाना दारात.

"ही उठली पाहिजे. नाहीतर तुम्ही."

"एकदा तुमचं ऐकलं, नाना, त्याची लाज अजून जात नाही." यमुनाबाईंनी खडू टेबलावर ठेवला. "आम्ही दोघीही उठतो."

दोघी वर्गाबाहेर पडल्या. मागून एकही मुलगी उठली नाही. त्या भल्या घरच्या मुली होत्या. कुणाचे वडील वकील, कुणाचे वैद्य. त्या घरांनी मुलींना काय शिकवलं होतं, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंच्या भाड्याच्या घराच्या पडवीत शाळा भरली. विद्यार्थिनी एकच.

"बाई," चिमेनं विचारलं, "नाटक बसवायचं तर माणसं लागतील ना?"

"लागतील तर. ती येईपर्यंत सगळी कामं तूच कर."

चिमेनं पदर कमरेला खोचला आणि ती उभी राहिली.